उंच पोराला कबड्डीत कुठे उभं करायचं?

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत बास्केटबॉलची कडी मोजक्याच शाळा-कॉलेजांच्या आवारात दिसतात. कबड्डीचं मैदान मात्र गावोगाव आखलेलं असतं. त्यामुळे आठवी-नववीत एकाएकी ताडमाड वाढलेला मुलगा आपल्याकडे बहुधा कबड्डीतच येतो. बास्केटबॉलच्या शालेय संघात त्याला कड्याखाली उभं केलं की काम भागतं. कबड्डीत तसं नसतं. बचावाच्या सात जागांपैकी कुठली जागा द्यायची, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात समोर येतो.

बहुतेक मंडळांत उत्तर तयार असतं: "अंगापिंडानं भरलाय, टाका कोपऱ्यात." त्याला कारणही आहे. 2014 साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि पुढच्या मोसमापासून घरोघरच्या टीव्हीवर फझल अत्राचली दिसायला लागला. पुढे मोहम्मदरझा शादलू आला. दोघेही इराणचे, दणकट आणि डाव्या कोपऱ्यातले. पुणेरी पलटणनं 1 मार्च 2024 ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सना 28-25 असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. त्या मोसमात पकडींचे सर्वाधिक, म्हणजे 99 गुण शादलूच्याच नावावर होते. मग आपल्या पोरालाही तीच जागा द्यावीशी वाटली तर नवल नाही.

माझं मत वेगळं आहे. उंच, वजनदार आणि नवख्या मुलाला पहिला मोसम कव्हरमध्ये खेळवावं. कोपरा त्यानं पुढे कमवावा. असं का, ते टप्प्याटप्प्यानं बघू.

आधी मैदान समजून घेऊ. पुरुषांचं मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असतं. मध्यरेषा त्याचे दोन भाग करते, म्हणजे बचाव करणाऱ्या संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर खोली येते. मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर निदानरेषा असते. दम घेऊन येणाऱ्या चढाईपटूनं कुणाला स्पर्श केला नाही, तर निदान ही रेषा तरी ओलांडावीच लागते. नाहीतर तो बाद. तिच्या मागे एक मीटरवर बोनस रेषा असते, जी ओलांडल्यास चढाईपटूला बोनस गुण मिळू शकतो. तिथून अंतिम रेषेपर्यंत उरतात फक्त 1.75 मीटर.

हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा. सहा फूट उंचीचा मुलगा 1.83 मीटर भरतो, म्हणजे तो आडवा झाला तर त्या पट्ट्यात मावतही नाही. मुलींचं आणि लहान गटांचं मैदान याहून आखूड असतं.

दोन्ही कडांना एकेक मीटरची लॉबी असते. स्पर्श होऊन झटापट सुरू होईपर्यंत लॉबी मैदानात धरत नाहीत. त्याआधी तिथे पाय पडला की खेळाडू बाद. झटापट सुरू झाली की ती जागा दोघांनाही मोकळी होते.

आता सात जागा. आपण बचावात आहोत आणि तोंड मध्यरेषेकडे आहे असं धरा. डाव्या हातापासून मोजत गेलात तर डावा कोपरा, डावा इन, डावा कव्हर, मध्य, उजवा कव्हर, उजवा इन आणि उजवा कोपरा. डावं-उजवं नेहमी बचावपटूच्या बाजूनं मोजतात. समोर बसलेल्या पालकांचा इथे हमखास गोंधळ होतो आणि घरी गेल्यावर मुलाला उलटाच सल्ला मिळतो.

सातही जण मैदानात असले की बहुतेक संघ दोन-तीन-दोन अशी साखळी करतात. साखळी म्हणजे शेजारच्याचा हात धरून एकत्र सरकणं. कोपरा आणि इन यांची एक जोडी, मधल्या तिघांचा एक गट आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा जोडी. चढाईपटू एका कोपऱ्याकडे वळला की तो कोपरा मागे दबतो आणि समोरची बाजू पुढे सरकून अर्धवर्तुळ करते.

कामाची वाटणी थोडक्यात सांगायची तर कोपरारक्षक दार लोटतो आणि कव्हर कडी घालतो. कोपरारक्षक घोटा किंवा मांडी धरून चढाईपटूला अडकवतो. मध्यरेषेकडे परतायच्या त्याच्या वाटेवर कव्हर आडवा येतो, छातीनं-खांद्यानं रोखतो किंवा धडक देऊन त्याला बाहेर काढतो. मराठीत कव्हरला मध्यरक्षकही म्हणतात.

जागा ठरवण्याआधी मुलाला नीट पाहून घ्या. उंची मोजायला वेळ लागत नाही. पाहायची असते ती कंबर. त्याला गुडघे वाकवून, कंबर खाली ठेवून, आडव्या पावलांनी 30 सेकंद डावीकडे-उजवीकडे सरकायला सांगा. एका चढाईला तेवढाच वेळ मिळतो. पहिले दहा सेकंद सगळेच झकास दिसतात. पुढे उंच मुलाची कंबर हळूहळू वर यायला लागते, टाचा उचलल्या जातात आणि विसाव्या सेकंदाला तो बस थांब्यावर उभा असल्यासारखा सरळ होतो. अनुभवी चढाईपटू नेमकी हीच वेळ साधतो.

दुसरी गोष्ट, त्याचे हात पाहा. एका खेळाडूला सावकाश चढाई करायला सांगा आणि कुणी पकड करायची नाही असं बजावा. अंतर राखण्यासाठी आपल्या मुलाचे पाय आधी हलतात की हात आधी पुढे जातो? लांब हाताच्या मुलाला हातानंच काम उरकायची सवय असते. पण पुढे केलेला हात म्हणजे चढाईपटूला फुकटचा गुण. त्याला हाताला नुसतं बोट लावून परत फिरायचं असतं.

तिसरी आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे थांबणं. चढाईपटू पुरता आत शिरण्याआधी, त्याचं वजन एका पायावर येण्याआधी झेप टाकली की तिला अॅडव्हान्स टॅकल म्हणतात, म्हणजे उतावळी पकड. ताकदवान मुलांना हा रोग जास्त असतो, कारण गल्लीतल्या खेळात ती उतावळेपणानंही जिंकलेली असतात. तालुक्याच्या मैदानावर मात्र समोरचा त्याच ताकदीचा निघतो.

शेवटी गुडघ्यांची चौकशी करा. साधारण बारा ते पंधरा या वयात झपाट्यानं उंची वाढत असताना वाटीच्या जरा खाली, नडगीच्या हाडावरचा उंचवटा दुखतो, कधी सुजतो. हे दुखणं पुष्कळ मुलांना होतं आणि बहुतेक वेळा वाढ थांबली की जातं. पण दुखत असताना पुन्हा पुन्हा गुडघ्यावर आपटायला लावलं तर ते लांबतं. तेव्हा डॉक्टरांना दाखवा आणि बरं वाटेपर्यंत झेपा बंद ठेवा. ही एवढी एक गोष्टही कोपरा पुढे ढकलायला पुरेशी आहे, कारण सतत गुडघे टेकवावे लागतात ते कोपऱ्यातच.

आपल्या दोन तालुक्यांत आणखी एक गोष्ट नेहमी दिसते. उंचपुरा मुलगा आधी तालमीत जाऊन आलेला असतो. त्याची पकड घट्ट असते, मान-खांदे तयार असतात, अंगाला अंग लागलं तर तो बिचकत नाही. पण सवय असते ती उचलून चीत करायची. कबड्डीत पाठ टेकवल्याचा गुण नाही. चढाईपटूला त्याचा दम सुटेपर्यंत किंवा वेळ संपेपर्यंत मध्यरेषेपासून लांब ठेवायचं, एवढंच काम असतं. तालमीतला गडी त्याला कमरेतून उचलतो, फिरवतो, आणि फिरवता फिरवता स्वतःच मध्यरेषेच्या दिशेनं आपटतो. उचललेल्याची बोटं रेषेपलीकडे टेकतात आणि झटापटीत उतरलेले सगळे बाद होतात. अशा मुलाला पहिले काही दिवस एकच सांगा: ओढायचं ते अंतिम रेषेकडे.

आता त्याला कव्हरमध्ये उभं करू. तिथे त्याच्या वजनाचा उपयोग पहिल्या दिवसापासून होतो. चढाईपटू परतीला वेगात असतो आणि वेग अडवायला अंग लागतं. दुसरा फायदा म्हणजे कव्हरला सुरुवात स्वतः करावी लागत नाही. कोपऱ्यानं पाय धरला की पुढे जायचं, एवढीच खूण पुरते. थांबायला शिकण्याची याहून चांगली शाळा नाही.

समजा, अकरावीतला सहा फुटी मुलगा आपण उजव्या कव्हरला ठेवला आहे. चढाईपटू आपल्या उजव्या कोपऱ्याकडे वळतो. कोपरा मागे दबतो, इन त्याच्याबरोबर सरकतो. आपल्या मुलानं या वेळी कोपऱ्याकडे धावायचं नसतं. त्यानं चढाईपटू आणि मध्यरेषा यांच्यामधली वाट हळूच अरुंद करायची असते. चढाईपटू बोनससाठी पाय टाकतो, कोपरारक्षक मांडीवर झेपावतो, चढाईपटू धडपडत वळतो. त्या वळण्याच्या क्षणी आपला मुलगा दोन आखूड पावलं टाकून त्याच्या कमरेवर खांदा देतो, डोकं चढाईपटूच्या अंगापासून बाजूला ठेवून. संपूर्ण हालचाल दीड-दोन सेकंदांची.

चूक होते ती कुठे? पहिली चूक धडकेच्या दिशेत. धडक लॉबीकडे, म्हणजे आडवी द्यायची. वजनदार मुलगा मागून ढकलतो तेव्हा चढाईपटूला मध्यरेषेपर्यंत फुकट पोचवतो. सरावात मैदानावर चुन्यानं एक तिरकी रेघ मारून द्या आणि धडक त्या रेघेच्या दिशेनंच गेली पाहिजे असं सांगा. तोंडी सांगून हे पटत नाही.

दुसरी चूक म्हणजे सरळ उभं राहून छाती लावणं. उंच बचावपटूची काख ही बुटक्या चढाईपटूची आवडती खिडकी असते. प्रदीप नरवालनं ज्या डुबकीवर नाव कमावलं ती हीच, साखळीच्या हातांखालून वाकून निसटणं. आपल्या साखळीत सहा फुटी मुलाशेजारी सव्वापाच फुटी मुलगा असेल तर हात तिरपे होतात आणि उंच मुलाच्या बाजूला भगदाड पडतं. यावर दोन उपाय आहेत. शेजारी शक्य तितका सारख्या उंचीचा जोडीदार द्या, आणि उंच मुलाला साखळीचा हात आपल्या मांडीच्या उंचीवर ठेवायला लावा. हात तिथे ठेवायचा तर गुडघे वाकवावेच लागतात.

तिसरी चूक आपली, म्हणजे बाहेर उभं राहणाऱ्यांची. "जा रे, जा, धर!" असं ओरडून आपणच त्याला उतावळं करतो. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद होतो. म्हणजे तिसऱ्या चढाईला तो आत येणारच आहे, त्याच्यामागे आपण जायची गरज नाही. हा नियम मुलाला पाठ असतो. प्रेक्षकांनाही असला तर बरं.

कोपरा कधी द्यायचा? तो 30 सेकंद कंबर खाली ठेवू लागला, रिकाम्या चढाईला शांतपणे सोडून देऊ लागला आणि गुडघे दुखत नसले, की सरावात द्या. सामन्यात लगेच नको.

कोपऱ्यात उंच मुलाचं पहिलं वैर अंतिम रेषेशी असतं. त्याचं एक मोठं पाऊल जवळजवळ मीटरभर जातं. पट्टा पावणेदोन मीटरचा. बोनस रेषेवरून दचकून दोन पावलं मागे घेतली की टाच बाहेर, आणि समोरच्याला अंगाला हातही न लावता गुण. म्हणून मागे सरकताना अर्धी पावलं घ्यायला शिकवा. इथे एक नियम अनेकांना ठाऊक नसतो. झटापट सुरू झाल्यावर अंगाचा काही भाग मैदानाच्या आत जमिनीला टेकलेला असेल, तर पाय बाहेर गेल्यानं खेळाडू बाद होत नाही. हे माहीत नसलेला लंबू मांडी धरलेली असताना पाय आत ओढायच्या नादात पकडच सैल सोडतो.

दुसरी अडचण घोट्याच्या पकडीची. ती गुडघे मोडून, बसक्या अंगानं करायची असते. उंच मुलगा गुडघे ताठ ठेवून कमरेतून वाकतो. मग हात घोट्यापर्यंत पोचतात, पण मागे ताकद उरत नाही आणि तोंड थेट चढाईपटूच्या गुडघ्यासमोर येतं. दात आणि मान दोन्हींना धोका तिथेच. बसून जा, दोन्ही हातांनी घोटा धर, छातीशी ओढ आणि अंतिम रेषेकडे कलंड, हा क्रम आधी न हलणाऱ्या जोडीदारावर, मग चालत्या आणि शेवटी धावत्या जोडीदारावर घटवून घ्या. उंच मुलाला मांडीची पकड तुलनेनं सोपी जाते. सुरुवात तिनं केली तरी चालेल. पायांची कात्री घालून धरणं मात्र नियमात बसत नाही, हे लांब पायांच्या मुलाला आधीच सांगून ठेवा.

तिसरी गोष्ट, त्याचे लांब पाय स्वतःच लक्ष्य बनतात. सहा किंवा सात बचावपटू मैदानात असताना बोनस चालू असतो आणि चढाईपटू कोपऱ्याकडे पाय टाकतोच. त्याच झटक्यात त्याचा अंगठा आपल्या मुलाच्या पुढच्या पायाला लागतो. पुढचा पाय चढाईपटूच्या टप्प्यात विसरून ठेवायचा नाही, हे सतत सांगावं लागतं.

इन आणि मध्य यांबद्दल फार बोलायला नको. इनला बहुधा चपळ, चढाई करणारी मुलं असतात. मध्यभागी पुष्कळदा संघाचा मुख्य चढाईपटू उभा करतात, कारण दोन्ही बाजूंनी तो झाकलेला राहतो. मोठ्या अंगाचा बचावपटू तिथे वाया जातो.

डावं की उजवं? डाव्या कोपऱ्यात उभं राहिलं की उजवा हात साखळीत अडकतो आणि डावा मोकळा राहतो. उजव्या कोपऱ्यात उलट. त्यावरून डावखुऱ्याला डावीकडे टाकायचा मोह होतो, पण पकड दोन्ही हातांनी होते आणि झेप पायांनी. त्यापेक्षा दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा झेप घ्यायला लावा आणि कुठल्या बाजूला तो न अडखळता पहिलं पाऊल टाकतो ते पाहा. जी बाजू ठरेल ती मोसमभर बदलू नका. कव्हर उजवा असेल तर पुढे कोपराही उजवाच द्या, म्हणजे कोन नव्यानं शिकावे लागत नाहीत.

आणखी एक प्रसंग सरावात मुद्दाम घडवायला हवा. सामन्यात सातच्या सात जण फार वेळ टिकत नाहीत. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना पकड झाली तर एक जादा गुण मिळतो. तिला अव्वल पकड म्हणतात. बोनस तेव्हा बंद असतो. तीनच जण उरले की कव्हर आणि कोपरा हा भेदच विरघळतो. तिथे फक्त एकच जागा येणारा मुलगा गोंधळतो. म्हणून आठवड्यातून एखादा दिवस तिघांनाच मैदानात ठेवून सराव घ्या. या खेळात आपल्या उंच मुलाला मागे ठेवा आणि पहिली झेप दुसऱ्याला घेऊ द्या. थांबून परतीच्या वाटेत आडवं येणं हे त्याचं काम इथेही बदलत नाही.

मातीचंही पाहायला हवं. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात पायाला धरते. त्यामुळे मैदानावर वेगळी माती आणून टाकावी लागते, आणि प्रत्येक गावाच्या मैदानाची पकड निराळी असते. वरच्या पातळीवरचे सामने मात्र मॅटवर होतात. मातीवर घसरत जाऊन घोटा धरायची सवय लागलेला मुलगा मॅटवर मध्येच अडकतो, कोपरं-गुडघे सोलून निघतात. मॅटवर पाय रोवला तर तो रोवलेलाच राहतो, आणि वजनदार मुलाचं वरचं अंग फिरलं की ताण गुडघ्यावर येतो. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात. जिल्ह्याला जायची शक्यता दिसली की जवळ जिथे मॅट असेल तिथे बूट घालून काही दिवस सराव करून घ्या.

राहिला वजनकाटा. किशोर आणि कुमार गटांना वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते, आणि वाढत्या उंचीचा मुलगा मोसमाच्या मध्यावरच तिच्यापाशी येऊन ठेपतो. मर्यादेचा आकडा स्पर्धेच्या परिपत्रकातूनच घ्या. नेहमी दिसणारी चूक म्हणजे आदल्या दोन दिवसांत जेवण-पाणी तोडून वजन उतरवणं. काट्यावर तो बसतो खरा, पण दुपारच्या सामन्यात पोटऱ्यांत गोळे येतात आणि चक्कर येते. दोन-तीन किलोंचा प्रश्न असेल तर महिनाभर आधीपासून खाण्यात फरक करा. त्याहून जास्त असेल तर त्याला वरच्या गटात खेळवा.

आणि तो बचावपटूच होणार, असं धरून बसू नका. चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई 2018 मध्ये यू मुंबाकडून प्रो कबड्डीत उतरला, तो अशाच मोठ्या अंगाचा, पण चढाईपटू म्हणून. कोपऱ्याला-कव्हरला अंगावर घेऊन तो मध्यरेषेपर्यंत जायचा. सरावाच्या शेवटी रोज चार-पाच चढाया आपल्या मुलालाही टाकू द्या. दोन जणांना अंगावर घेऊन तो रेषेपर्यंत पोचायला लागला, तर कव्हर की कोपरा हा प्रश्न बाजूला ठेवून त्याच्या चढाईकडे बघावं लागेल.